माळावर वाळत घातलेली दोन धोतरं

तुम्ही जाऊन आज एकवीस दिवस झाले. थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं, महिना होईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. परवा टाकलं. ओढा ओलांडून हणमंततात्यांच्या वस्तीवर जाऊन आले. तुम्ही असता तर जाऊ दिलं नसतं, आणि तुम्ही होता तोवर मी गेलेही नाही. म्हणून हे आधी तुम्हाला सांगायचं आहे. समोरासमोर बसून सांगायची सवय आपल्या दोघांना नव्हती. चार इयत्ता शिकले, त्याचा उपयोग आजवर पोथी वाचण्यापुरता झाला. आता लिहिते आहे. चुकलं तर चुकलं.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. बायका भेटायला येतात, माझ्याकडे बघून डोळे पुसतात, देवमाणूस होता म्हणतात. मी मान हलवते. देवमाणूस होता हे खरंच आहे. पण माझी एक वस्तू बारा वर्षं तुम्ही स्वतःकडे ठेवलीत, आणि मी मागितली तरी दिली नाहीत. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागवू नये म्हणतात. मग कधी रागवायचं? शेवटचे काही आठवडे सोडले तर जिवंतपणी मी तुमच्यापुढं मान वर केली नाही.

लढाई सुरू झाली आणि सरकारनं आपल्या नि तात्यांच्या रानांमधला माळ विमानांसाठी घेतला, तेव्हा मी या घरात येऊन फार वर्षं झाली नव्हती. कळंबपासून इंदापूरकडं तोंड केलं की तो माळ नुसता कुसळांचा आणि मेंढरांचा. सगळ्या गावानं पाट्या वाहिल्या, मुरूम टाकला, रूळ फिरवला. तुम्ही सातवी पास, चार शब्द इंग्रजीचे येत होते, म्हणून चौकीदारी तुम्हाला मिळाली. माळाच्या कडेला एक खोली बांधून दिली, तीत आपण राहायला गेलो. काम सांगताना सोपं वाटायचं. मेंढरं आत येऊ द्यायची नाहीत. घुशींची बिळं बुजवायची. चुन्याचं मोठं पांढरं कडं दर महिन्याला नव्यानं काढायचं. खांबावर वाऱ्याची पिशवी लावायची, म्हणजे वारा कुठून येतो ते वरच्याला दिसतं. ती पिशवी दोनदा फाटली, दोनदा मी माझ्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावून शिवली. तुम्ही म्हणालात, ह्यो आपला झेंडा.

आणि खडे वेचायचे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. विमानाच्या चाकाला खडा लागू नये म्हणून तुम्ही रोज सकाळी वाकून वाकून माळ विंचरायचा. आपल्या खोलीतल्या जमिनीपेक्षा तो माळ स्वच्छ होता.

पुण्याच्या लोहगावला विमानांच्या तुकड्या यायच्या आणि जायच्या. तुम्ही त्यांना स्काडन म्हणायचा. कुणाचं विमान वाट चुकलं, तेल संपलं, आवाज बिघडला, की ते आपल्या माळावर उतरायचं. पुण्याहून माणसं येईपर्यंत तो विमानवाला तुमच्याजवळ बाजेवर बसायचा, आपला गुळाचा चहा प्यायचा. त्यातून तुम्ही किती काय गोळा केलंत. ही तुकडी आधी सरहद्दीवर कोहाटला होती, तिथं थंडीत इंजिनाखाली शेगड्या ठेवत. ही अंबाल्याहून आली. ही बंगालकडं निघाली, तिथून ब्रह्मदेशात. विमानाच्या पोटावर अक्षरं असायची, ती बघून तुम्ही ओळखायचा. एक तुकडी गेली की पंधरा दिवस आभाळ गप्प असायचं आणि तुम्हाला जेवण जायचं नाही. नवी आली की म्हणायचा, पोरं कोवळी हायत, उतरताना उड्या मारत्यात. भाकरी थापताना मी हे सगळं ऐकायची. मी कधी काही विचारलं नाही, पण मला सगळं पाठ आहे.

पुढं या तुकड्यांचे इतिहास छापतील. त्यात लोहगाव येईल, अंबाला येईल, कोहाट येईल. आपल्या माळाची आली तर एक ओळ येईल. भांडण आहे ते त्या एका ओळीवरून.

त्या दिवसाचं आता सगळं सांगते. अर्धं तुम्हाला माहीत होतं. अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

वैशाखातल्या वळवानं वाऱ्याची पिशवी खांबासकट आडवी केली होती. ठिगळ लावण्यापलीकडं फाटली होती. नवी मागवून तीन आठवडे झाले, आली नाही. म्हणून तुम्ही तार करायला इंदापूरला गेलात. जाताना म्हणालात, आज काही कुणी यायचं नाही, आलंच तर हणमंताला हाक मार, त्याला टी टाकता येते.

टी मलाही टाकता येत होती. शंभरदा मी एक टोक धरलं असेल. टी म्हणजे त्या इंग्रजी अक्षरासारख्या मांडायच्या, पांढऱ्या जाड कापडाच्या दोन लांब पट्ट्या. एक उभी, तिच्या डोक्यावर एक आडवी. वारा ज्या अंगानं येतो त्या अंगाला आडवी. विमानवाला वरून बघतो आणि आडव्या पट्टीकडं तोंड करून, वाऱ्याला सामोरा उतरतो. वारा पाठीशी घेऊन उतरला तर विमान थांबत नाही. त्या पट्ट्या खोलीत कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

मी घरातलं सगळं धुणं काढलं होतं. तुमची दोन धोतरं, ती बाजारची चांगली, निळ्या काठाची. कुडावर टाकली तर काटे, दारात टाकली तर शेळ्या. माळ स्वच्छ होता. मी ती माळावर पसरली. उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचे, तर दगड कुठून आणायचे? सगळे तुम्ही वेचलेले. कडेपर्यंत जाऊन पदरातून पाच आणले. पाच दगडांत दोन धोतरं बसेनात. मग एकाच्या टोकावर दुसरं आडवं टाकलं, म्हणजे एका दगडाखाली दोन्ही दबतात. दगड वाचवला आणि खूश झाले. घरी येऊन न्हाले.

विमान आलं ते एका पंख्याचं होतं, हरिकेन. मी नेहमीसारखी आत गेले. परका माणूस उतरणार म्हटलं की मी आत जायची आणि तो जाईपर्यंत बाहेर यायची नाही. तुम्ही हसायचा, म्हणायचा, त्याला खाली मुंगी दिसत न्हाय, तू कशाला लाजती. विमानानं एक फेरी घातली. मग दुसरी घातली, खालून. मी दाराच्या फटीतून बघत होते. ते एका अंगावर कललं, आणि आतलं डोकं मला दिसलं. ते खाली वाकून बघत होतं. धोतरांकडं बघत होतं.

तेव्हा मला कळलं.

तुम्हाला वाटायचं, मला कळलंच नाही. अडाणीपणानं झालं, असं तुम्ही मनाशी धरून बसलात आणि मी ते तसंच राहू दिलं. तसं नव्हतं. चुलीचा धूर उगवतीकडं चालला होता, म्हणजे वारा मावळतीचा. आडवं धोतर उगवतीच्या टोकाला होतं. सगळं उलटं होतं, आणि हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं होतं. दारापासून धोतरापर्यंत चाळीस पावलं. विमान वळून परत यायला तेवढा वेळ होता. मी पळत जाऊन एक धोतर ओढलं असतं तरी पुरलं असतं. पण माझे केस मोकळे होते, अंगावरचं लुगडं ओलं होतं आणि वर एक परका माणूस होता. मी दाराची कडी धरून उभी राहिले. विमान उतरलं, माझ्यासमोरून वाऱ्यासारखं गेलं, माळ संपला तरी थांबलं नाही, आणि तात्यांच्या बांधावरून जाऊन बाभळीखाली नाकावर उभं राहिलं. बाभळीला तात्यांचा बैल बांधलेला होता.

मग मी पळाले. तशीच, मोकळ्या केसांनी. आधी पळायचं ते मागून पळाले. जाताना एक धोतर उचललं आणि त्या पोराच्या डोक्याला बांधलं. पंजाबी पोर होता, मिशी नुकती फुटलेली. रक्त डोळ्यांत जात होतं, आणि तात्यांनी त्याला उचलून आपल्या खोलीत नेलं तरी तो माझा हात सोडत नव्हता. मला लाज वाटली नाही. मेली होती ती, चाळीस पावलं उशिरा.

तुम्ही दिवस मावळताना आलात. तोवर दोन्ही धोतरं माळावरून गेली होती. दगड राहिले होते. तुम्ही त्या पाच दगडांजवळ उभे राहिलात. मी लांबून बघत होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. एकेक दगड उचललात आणि ओढ्याच्या दिशेला फेकून दिलात. दुसऱ्या दिवशी पुण्याचे दोन साहेब आले. तुम्ही त्यांना सांगितलंत की सकाळी मीच टी टाकून गेलो, घाईत उलटी पडली, रात्री मीच गुंडाळून ठेवली. चौकीदारी गेली. खोली गेली. त्यांनी कागदावर काय लिहिलं ते तुम्हाला वाचायला दिलं आणि तुम्ही खाली सही केलीत.

मला तुम्ही एवढंच म्हणालात, तू काय बघितलं न्हाईस, काय बोलायचं न्हाई.

त्यानंतर तात्यांनी तुम्हाला मारुतीच्या देवळात गाठलं. हे मला परवा काकींकडून, तात्यांच्या बायकोकडून कळलं. दोघं एका ताटात जेवणारी माणसं. तात्यांनी विचारलं, खरं सांग. तुम्ही मारुतीच्या पायावर हात ठेवलात आणि सांगितलंत, माझीच टी. त्या दिवसापासून त्या वस्तीचं आणि आपलं बोलणं तुटलं. ओढ्याचं पाणी दोघांचं, पण माणसं पाठ करून भरायची. आपण म्हणायचो, बैलाचा राग आहे.

आणि गावानं तुम्हाला नवं आडनाव दिलं. बाजाराला निघालात की पारावरून हाक यायची, काय विमानपाडे, आज गाडीनं का उडत? तुम्ही हसून हात वर करायचा. लेकीला बघायला वडगाव निंबाळकरचे पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं सुपारी फोडायच्या आधी विचारलं की ते विमान पाडलेलं घर हेच का. तुम्ही म्हणालात, व्हय, हेच. मी चुलीपाशी होते. हातातला पळा मी किती घट्ट धरला होता ते मलाच माहीत.

बारा वर्षांत तुम्ही माझ्यावर कमी ओरडला नाहीत. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ओरडलात, शेळी सुटली म्हणून ओरडलात. पण रागाच्या भरातही, एकदाही, ते धोतर तुमच्या तोंडून आलं नाही. असा नवरा दुसरा नसेल. हे मी कुणाहीपुढं सांगेन. पण ऐका, त्यामुळंच मला कधी माझी चूक म्हणता आली नाही. कबूल करायची, रडायची, शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं, हे जे कुठल्याही माणसाला मिळतं ते मला मिळालं नाही. तुम्ही ती चूक उचललीत आणि उंच फळीवर ठेवलीत, माझा हात पुरणार नाही अशी. मी काय लहान होते?

यंदा आषाढाच्या आधी जीप आली तेव्हाच हे मिटायला हवं होतं. कोवळा अंमलदार होता, पुण्याचा, बोलायला गोड. आता देशाचं विमानदळ झालं, जुन्या तुकड्यांचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडं आलेलं. कुठली तुकडी कुठल्या तळावर होती, कुणी काय केलं, सगळं तो वहीत घेत होता. तुम्हाला केवढा आनंद झाला होता. कोहाटच्या शेगड्यांपासून सुरू झालात. तो लिहीत होता आणि तुम्ही बोलत होता, आणि दाराआड उभी राहून मी बघत होते. बारा वर्षांनी तुमची पाठ ताठ झालेली बघत होते.

मग त्यानं त्या दिवसाचं विचारलं. तो पंजाबी पोर जगला होता. ब्रह्मदेशातून परत आला होता, आता मोठा साहेब आहे म्हणाला. त्यानंच सांगितलं होतं की एका बाईनं माझं डोकं बांधलं, तिचं नाव शोधून इतिहासात घाला. अंमलदारानं विचारलं, कोण होती ती? तुम्ही म्हणालात, माझी बायको, अनुसया. परक्या माणसापुढं तुम्ही माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, भेटता येईल का. तुम्ही हाक मारलीत. मी गेले नाही. दुसऱ्यांदा दाराआड राहिले.

आणि अपघात कसा झाला, हे त्यानं विचारलं तेव्हा तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत. माझी चूक, टी उलटी टाकली. तो लिहून घेत होता. पेन्सिलीचा आवाज मला आतपर्यंत येत होता. म्हणजे पुस्तकात असं यायचं की चौकीदारानं विमान पाडलं आणि त्याच्या बायकोनं विमानवाल्याला वाचवलं.

जीप गेली आणि मी बाहेर आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात मी तुम्हाला उलट बोलले ती त्या दिवशी. मी म्हटलं, हे बदलून द्या. तुम्ही म्हणालात, "लिव्हू दे की. तुजं चांगलं लिव्हलंय न्हवं?"

"माजं चांगलं खोटं हाय."

"बाईमाणसाचं नाव असल्या कागदावर नगं."

"नाव तर दिलंत तुमी."

"त्ये चांगल्यासाठी दिलं."

हे भांडण आपण तीन आठवडे केलं. भांडण म्हणजे काय, मी एक वाक्य बोलायची आणि तुम्ही उठून रानात जायचा. शेवटचं तुम्ही म्हणालात, बघू पाऊस उघडल्यावर. मग ताप आला. तापात सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत मी तुम्हाला हे विचारलं नाही, कारण वाटलं, बरं वाटल्यावर भांडू. आणि दाराच्या फटीचं सांगायचं तर राहूनच गेलं. तुमच्या उशाशी बसले होते, तुम्ही शुद्धीवर होता, हात हातात होता, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती लाज तेव्हा पुन्हा जिवंत झाली.

आता तिला मी पोसणार नाही.

अंमलदारानं जाताना पत्ता लिहून दिला होता, आणखी काही आठवलं तर कळवा म्हणून. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर मी त्याला पत्र लिहायला बसले. पहिल्याच ओळीत अडले. चौकीदार, आणि पुढं तुमचं नाव. आयुष्यात कधी उखाण्याशिवाय घेतलं नाही. मग लिहिलं. नुसतं नाव, पुढंमागं काही नाही. दोन दिवसांत पत्र झालं. त्यात धोतरं लिहिली, पाच दगड लिहिले, तुम्ही इंदापूरला होता हे लिहिलं. आणि दाराची फट लिहिली, चाळीस पावलं लिहिली.

लिहून झाल्यावर वाटलं, याला कोण खरं मानेल? म्हणतील, नवरा मेला, बाई त्याच्यावरचा डाग पुसायला स्वतःवर घेते आहे. साक्ष हवी होती. आपल्या माणसाची चालणार नव्हती. ज्याचं या सगळ्यात नुकसान झालं, जो आपल्याशी बारा वर्षं बोलला नाही, त्याची हवी होती. म्हणून मी परवा ओढा ओलांडला. जाऊबाई दारात आडव्या झाल्या. मी म्हटलं, बाजूला व्हा. त्या झाल्या. मला वाटतं, दचकून झाल्या.

तात्या अंगणात वांगी निवडत होते. बाजारची गाडी भरायची होती. काकी होत्या, आणखी दोन बायका करंड्या भरत होत्या. मला बघून सगळ्यांचे हात थांबले. तात्या उठले, घोंगडी टाकली, आणि काकींना म्हणाले, वैनीस्नी पाणी दे. बारा वर्षांनी मला कुणी त्या वस्तीत वैनी म्हणालं. मी पाणी घेतलं नाही. म्हटलं, आधी ऐका. आणि चार माणसांत उभी राहून पत्र मोठ्यानं वाचलं.

वाचून झालं. तात्यांच्या हातातलं वांगं तसंच होतं.

"धोतराचं मला ठावं हुतं," ते म्हणाले.

मी विचारलं, कसं?

"त्या पोराच्या डोस्क्याला निळा काठ म्याच बघितला. सरकारी टीला कुठला काठ? आन ती तर खोलीत गुंडाळल्याली हुती, सुतळी बी सुटली नव्हती."

"मग बारा वर्सं कशाचा राग धरला, तात्या? बैलाचा न्हवं?"

"बैल दुसरा आणला की." त्यांनी वांगं करंडीत टाकलं. "मारुतीवर हात ठिवून माज्या म्होरं खोटं बोलला त्यो. मी काय तुमास्नी फाशी द्यायला निघालो हुतो? मला सांगायचं हुतं. मी बी म्हनलो असतो, टी उलटी पडली. दोघं म्हनलो असतो."

ऐकलंत? दोघं म्हणाले असते. तुम्ही एकट्यानं वाहिलंत, आणि दुसरा खांदा ओढ्यापलीकडं बारा वर्षं रागानं रिकामा बसला. मला तिथं हसू आलं आणि रडूही आलं. तुम्ही गेल्यानंतर मी धड रडले ती तात्यांच्या अंगणात. काकींनी पाठीवरून हात फिरवला. मग मी पाणी प्याले.

तात्यांनी पत्र हातात घेतलं आणि बराच वेळ वाचलं. एका जागी बोट ठेवलं. म्हणाले, "वैनी, तुमी आत उब्या ऱ्हायल्या, ह्ये मला ठावं नव्हतं. ह्ये काढा. धोतराचं ऱ्हाऊ द्या, त्येवढं बास हाय. चूक कुनाचीबी हुती. ह्ये कशाला जगाला सांगायचं?"

त्यांचा आवाज मऊ होता. अगदी तुमच्यासारखा. काकीही म्हणाल्या, काढ बाई. करंड्या भरणाऱ्या बायकांनीही माना हलवल्या. सगळे माझ्या भल्याचं बोलत होते. ती उंच फळी मला पुन्हा दिसायला लागली.

मी म्हटलं, "न्हाय काढायची, तात्या. धोतर टाकलं ती चूक कुनाचीबी झाली आसती. दारात उबी ऱ्हायले ती माजी हाय. तीच खरी हाय."

तात्या म्हणाले, सोपानाची बायकू शोभती खरी, त्येच्यावानीच हेकट. आत जाऊन टाक आणला आणि माझ्या सहीच्या खाली लिहिलं, वर वाचलं ते खरं आहे, मी तिथं होतो. सही केली. पत्र परत देता देता थांबले.

"बैलाचं नाव घातलं न्हाय तुमी."

मी म्हटलं, विमानांच्या इतिहासात बैल कसा घालायचा?

"का? त्यो बी लढाईतच ग्येला. पाखऱ्या म्हना. खिल्लारी हुता म्हनावं."

मी तिथंच बसून घातला. खिल्लारी बैल, नाव पाखऱ्या.

काल कळंबच्या पोस्टात पत्र टाकलं. मीच गेले, पायी. तिथं माणसं होती. एकानं दुसऱ्याला कोपर मारून हळूच ते आडनाव घेतलं. मी वळले आणि म्हटलं, ते नाव माझं आहे, त्यांना म्हणू नका. तेवढं बोलले आणि घरची वाट धरली. अंमलदार पुस्तकात काय घालेल ते त्याचं त्याला ठाऊक. कदाचित हे सगळं त्याला बायकी वाटेल आणि तो काहीच घालणार नाही. तरी खोटी ओळ त्याच्यानं आता सहज लिहवणार नाही.

तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. काही म्हणालाच नसता, खुरपं घेऊन रानात गेला असता. जा. मी आता थांबवणार नाही आणि मागंही फिरणार नाही. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढवायची असली की तलाठी फेरफार लिहितो आणि चावडीवर नोटीस लावतो, कुणाची हरकत असेल तर मुदतीत यावं. तसं हे समजा. तुमच्या नावावर बारा वर्षं जे होतं ते मी माझ्या नावावर चढवून घेतलं आहे. तुमचं नाव मोकळं केलं. साक्षीदाराची सही आहे.

हरकत असेल तर या. मी घरीच आहे.